निर्दोष डास आणि आंतरराष्ट्रीय नियतकालिक

“एकाच निबंधात या नियतकालिकाचा निकाल लावते!” डॉ. चित्रा सबनीस यांनी स्टाफरूममध्ये जाहीर केले आणि त्या कामाला लागल्या.

निमित्त प्राचार्य खिरे यांच्या फर्मानाचे होते. रावेतच्या त्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रत्येक प्राध्यापकाने एका ठरावीक आंतरराष्ट्रीय नियतकालिकात पदरचे शुल्क भरून निबंध छापावा, अन्यथा बढती विसरावी! नियतकालिक आंतरराष्ट्रीय होते, कारण त्याच्या संपादकांचा पत्ता कोणत्याही एका राष्ट्रात सापडत नव्हता.

“सर, ते लोक काहीही छापतात.”

“सिद्ध करा मॅडम, फर्मान मागे घेतो!”

सिद्ध करायला सांगितले की चित्राबाईंना माहेरचे बोलावणे आल्यासारखे वाटे. त्यांनी पिंपळे गुरवच्या घरी बसून शांत चित्ताने निबंध रचला: ‘डासांच्या गुणगुणीमुळे लेथ यंत्राच्या अचूकतेत होणारी घट’. निष्कर्ष असा, की डास बेसूर झाला की यंत्राचे माप चुकते. आलेख म्हणून घरच्या वीजवापराचा आलेख जोडला. चहा निवण्याआधी स्वीकृती आली. तज्ज्ञांनी म्हणे सखोल परीक्षण केले होते!

निबंध छापून आला त्या दिवशी विजयी मुद्रेने त्या महाविद्यालयात पोहोचल्या, तो फाटकावर फ्लेक्स! त्यावर कपाटाएवढा त्यांचा फोटो, निबंधाचे नाव, ‘हार्दिक अभिनंदन’ आणि खाली शुभेच्छुकांची रांग.

“सर, तो निबंध बनावट आहे! मी मुद्दाम लिहिला!”

“काय हा विनय!” प्राचार्य गहिवरले. “मोठे संशोधक असेच बोलतात.”

तेवढ्यात सोपानराव पेढे घेऊन हजर. चाकणला त्यांचा लेथवर धातूचे सुटे भाग कातण्याचा कारखाना होता आणि महाविद्यालयाच्या सल्लागार मंडळावर त्यांची खुर्ची होती.

“म्याडम, तुमचा निबंद सुनेनं वाचून दावला. समद्या मशिनींना मच्छरदाण्या बांधल्या. बाद माल निम्म्यावर आला बघा!”

“सोपानराव, हे अशक्य आहे.”

“अशक्य कसं? माल समोर हाय की!”

प्राचार्यांनी चित्राबाईंकडे अशा नजरेने पाहिले, की आता तरी विनय पुरे.

दुसऱ्याने पडताळा घेतला आणि निष्कर्ष खरा निघाला, ही कोणत्याही संशोधकाची परमोच्च इच्छा. चित्राबाईंना मात्र घाम फुटला. त्या तडक चाकणला गेल्या. कारखान्याच्या दारावरून खडीचे ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकमागे धुळीचा लोट आत शिरत होता.

“धूळ, सोपानराव! जाळीने धूळ अडली. एका यंत्राची जाळी काढा, तुलना करू.”

“न्हाई म्याडम! शास्त्रापायी माल बाद करायचा व्हय?”

“मग जाळी राहू द्या. आत डास सोडू.”

“ते घ्या की! डास आमच्याकडं रग्गड हायेत.”

त्यानंतर पदार्थविज्ञानातील एक पीएचडी बरणी हातात धरून गटाराकाठी उकिडवी बसली. मदतीला आलेल्या बाळू कामगाराने प्रत्येक डास कानाशी धरून तपासला.

“म्याडम, ह्यो जरा सुरात हाय. चालंल का?”

“सगळे चालतील!” चित्राबाई दात आवळून म्हणाल्या.

जाळीच्या आत डास मनसोक्त गायले. लेथचे माप केसभरही हलले नाही. सोपानरावांनीही मान डोलावली. “म्हंजी डास बिचारे उगाच बदनाम झाले.”

आता प्रश्न उरला तो दुरुस्तीचा. चूक जिथे छापली तिथेच दुरुस्ती छापावी, हा विज्ञानाचा शिष्टाचार. शिवाय दोन परस्परविरोधी निष्कर्ष एकाच नियतकालिकाने छापले, तर आणखी काय सिद्ध करायचे राहते? चित्राबाईंनी मोजमापे, छायाचित्रे आणि स्वतःच्या बनवाबनवीची स्पष्ट कबुली जोडून दुसरा निबंध धाडला.

या वेळी उत्तराला उशीर झाला. आले तेव्हा ते थेट प्राचार्यांकडेही गेले होते. प्राचार्यांनी चित्राबाईंना बोलावून ते मोठ्याने वाचून दाखवले: “सदर निष्कर्ष आमच्या नियतकालिकात पूर्वीच सिद्ध झालेल्या संशोधनाशी विसंगत असल्याने निबंध नाकारण्यात येत आहे.”

“बघा मॅडम! काहीही छापतात म्हणत होता ना? चक्क नाकारला!”

“सर, पण तोच एक खरा होता!”

“असेल, असेल. दर्जापुढे इलाज नाही.”

संध्याकाळी सुधारित फर्मान निघाले. त्यात ‘कठोर परीक्षण करणाऱ्या’ एवढे शब्द वाढले होते आणि पुरावा म्हणून सोबत चित्राबाईंचे नकारपत्र जोडले होते.