धनेशरावांचा रोलर ब्लाइंड

एका जंगलात, मुलांनो, बहुतेक सगळ्यांना घरं होती आणि एकाच्याही घराला पडदा नव्हता. तरी सगळे सुखात होते. म्हणजे आपण सुखात नाही, हे त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं.

मग त्या जंगलात रंगनाथ सरडा आला. तो रोलर ब्लाइंड विकायचा.

रोलर ब्लाइंड तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या घरी असेल. नसेल तर कुठला घ्यायचा यावरून आईबाबांचं भांडण चालू असेल. वर एक नळी, नळीला गुंडाळलेलं कापड, बाजूला मण्यांची माळ. माळेची एक बाजू ओढली की कापड खाली येतं, दुसरी ओढली की वर जातं. जंगलात नळी बांबूची होती, कापड कोळ्यांनी विणलेलं होतं आणि माळ गुंजांची होती. बाकी सगळं तुमच्याकडच्यासारखंच.

पहिला ब्लाइंड वानराने घेतला. वानराला घर नव्हतं. त्याने तो एका फांदीला टांगला. रोज सकाळी तो वर करायचा आणि संध्याकाळी खाली सोडायचा. ब्लाइंडच्या मागे काय आहे, असं कोणी विचारलं तर म्हणायचा, "ते खासगी आहे."

या वानराच्या समोरच बेहड्याचं एक मोठं झाड होतं. झाडात ढोली होती. ढोलीत धनेशराव आणि त्यांच्या पत्नी कुमुदताई राहायचे. धनेश हा पक्षी तुम्ही पाहिला नसेल. त्याची चोच भली मोठी आणि वाकडी असते. चोचीवर आणखी एक छोटी चोच ठेवल्यासारखं दिसतं. एवढी चोच सांभाळायची म्हणजे चेहरा आपोआप गंभीर होतो. धनेशरावही गंभीर दिसायचे. लोक त्यांना विचारी समजायचे.

धनेशांच्या घराण्यात एक रीत आहे. पळस फुलला की बाई ढोलीत जाऊन बसते. आतून दाराला चिखल लिंपते आणि चांगली जाड भिंत घालते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. मग आत तिचे पंख झडतात. तिला उडता येत नाही. ती अंडी उबवते आणि नवरा दिवसभर उंबरं आणून त्या फटीतून तिला भरवतो. पिल्लं मोठी झाली आणि पंख परत आले, की भिंत फोडून बाहेर.

भिंत कशासाठी, विचारा. अरे, विचारा की! त्याच झाडाच्या बुंध्याशी घोरपड राहायची. घोरपडीला अंडी फार आवडतात. पिल्लं आवडतात. उडता न येणारी बाईसुद्धा आवडते. कुमुदताई आणि घोरपड यांच्यामध्ये तेवढी एक भिंत. एवढं नीट लक्षात ठेवा, कारण धनेशराव विसरणार आहेत.

त्या वर्षी पळसाला कळ्या आल्या आणि कुमुदताई म्हणाल्या, "अहो, ओढ्यावरून येताना थोडा चिखल आणाल का?"

धनेशराव समोर बघत होते. वानराचा ब्लाइंड वाऱ्यावर मजेत हलत होता.

"चिखल?" ते म्हणाले. "अगं, किती वर्षं चिखल? त्या वानराला घर नाही, तरी ब्लाइंड आहे. आपल्याला घर आहे आणि दाराला चिखल!"

"चिखल घट्ट बसतो."

"लोक आपल्याकडे बघतात, कुमुद. आपण रोलर ब्लाइंड लावू."

कुमुदताई गप्प बसल्या. मुलांनो, घरातली बाई गप्प बसली म्हणजे तिला पटलं, अशी समजूत फार मोठमोठ्या लोकांनी करून घेतली आहे. धनेशरावांनीही करून घेतली.

दुसऱ्याच दिवशी रंगनाथ सरडा हजर. त्याचा एक डोळा धनेशरावांवर होता आणि दुसरा पुढच्या गिऱ्हाइकावर.

"शेड कुठली दाखवू?" त्याने विचारलं.

"शेडकार्ड आणलंय?"

"मीच की!" रंगनाथ म्हणाला आणि बेहड्याच्या खोडाला चिकटून बसला. बघता बघता तपकिरी झाला. "बघा साहेब, तुमच्या खोडाला कसा मॅच होतोय. जसा काही याच झाडासाठी काढलाय."

मग तो पानांत जाऊन बसला. हिरवा झाला. "आणि हा बघा, पालवीला मॅच."

खरोखरच मॅच होत होता. धनेशराव थक्क झाले. रंगनाथ जिथे बसेल तिथे ती शेड हुबेहूब जुळायची. असे विक्रेते तुम्हाला बाजारात पुष्कळ भेटतील, फक्त त्यांची शेपटी दिसणार नाही.

"झेब्रा ब्लाइंडपण आहे," रंगनाथ अंगावर पट्टे आणत म्हणाला.

"झेब्रा? तो आपल्या जंगलात कुठे असतो?"

"म्हणून तर इम्पोर्टेड म्हणतात, साहेब."

कुमुदताईंनी ढोलीतून मान बाहेर काढली. "भाऊ, माळ आतून असते की बाहेरून?"

"आतून, वहिनी. एकदम तुमच्या चोचीत."

"आणि घोरपड आली तर?"

"वहिनी, ब्लाइंड प्रायव्हसीसाठी असतो. आत कोण आहे, हे घोरपडीला दिसणारच नाही."

"तिला ठाऊक आहे की! ती आमच्याच झाडाखाली राहते."

रंगनाथ धनेशरावांकडे वळला आणि हळूच म्हणाला, "वहिनींना शेड पसंत पडलेली दिसत नाही. आपण आणखी दाखवू."

शेड ठरायला सहा दिवस गेले. आधी हस्तिदंती ठरली. मग सायीची ठरली. मग हस्तिदंती आणि साय यांत फरक काय, यावर अख्खा एक दिवस गेला. धनेशराव वानराचा सल्ला घेऊन आले. वानर म्हणाला, घराच्या आतल्या रंगाशी जुळवून घ्या. धनेशरावांनी ढोलीत डोकावून पाहिलं. आत अंधार होता. तेव्हा काळ्यावरही चर्चा झाली.

तोवर पळस फुलला. कुमुदताईंच्या पंखातलं पहिलं पीस सैल होऊन गळलं. त्यांनी ते चोचीत धरून नवऱ्यासमोर नेऊन ठेवलं.

धनेशरावांनी पीस उन्हात धरलं, मान तिरकी करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "वा! याच्याशी मॅच करायचं का?"

शेवटी तीच शेड ठरली. राखाडी.

या सहा दिवसांत कुमुदताई दुपारच्या कुठे जायच्या, ते धनेशरावांनी विचारलं नाही. एकदा फक्त म्हणाले, "अगं, तुझ्या चोचीला चिखल लागलाय. पूस तो. रंगनाथ यायचाय मापं घ्यायला."

कुमुदताईंनी चोच पुसली.

रंगनाथ मापं जिभेने घ्यायचा. ढोलीच्या एका काठावर बसायचं आणि जीभ दुसऱ्या काठापर्यंत सोडायची. पहिल्यांदा माप अगदी बरोबर आलं. पण चोख माणूस दोनदा मोजतो. दुसऱ्या वेळी काठाच्या पलीकडे एक माशी बसली होती. जीभ माशीपर्यंत गेली. रंगनाथाने माशी गिळली आणि माप माशीपर्यंतचं धरलं.

त्यामुळे ब्लाइंड आला तो चार बोटं जास्त रुंद. ढोलीच्या आत काही केल्या बसेना.

"हरकत नाही," रंगनाथ म्हणाला, "बाहेरून फिटिंग करू. उलट जास्त भारदस्त दिसतं."

"आणि माळ?" कुमुदताईंनी विचारलं.

"माळ बाहेर येईल, वहिनी. पण लाल गुंजा आणि राखाडी कापड, काय उठून दिसेल सांगा!"

खरंच उठून दिसलं. दूरवरून दिसलं. कुमुदताईंनी एकदा त्या माळेकडे पाहिलं, एकदा झाडाच्या बुंध्याकडे पाहिलं आणि त्या आत गेल्या. धनेशरावांनी माळ ओढली. ब्लाइंड सरसर खाली आला. आता आत काय चाललंय, हे बाहेरून कोणालाच दिसणार नव्हतं. नवऱ्यालाही नाही. रंगनाथ प्रायव्हसी म्हणत होता, ती हीच.

पुढचे दिवस धनेशरावांचे फार आनंदात गेले. ते उंबरं घेऊन यायचे, ब्लाइंडचा खालचा कोपरा अलगद उचलायचे, आतून चोच यायची, उंबर जायचं. त्यांचं लक्ष कापडाला सुरकुती पडत नाही ना, याकडे असायचं. पाहुण्यांची रीघ लागली होती. येणारा प्रत्येक जण आधी ब्लाइंडबद्दल विचारायचा आणि मग आठवलं तर कुमुदताईंबद्दल.

एका सकाळी घोरपडही आली.

"अगंबाई, काय सुरेख दिसतंय हो!" ती मान वर करून म्हणाली. "रोज खालून बघते. म्हटलं, एकदा जवळून बघावं. शेड कोणाची पसंती?"

"माझीच," धनेशराव चोच खाली घालून म्हणाले.

"वाटलंच मला. बाकीच्यांना कुठली एवढी नजर! आणि हे वर कसं जातं हो? आम्हाला आपलं काही कळत नाही यातलं."

"सोपं आहे, घोरपडमावशी. ही उजवीकडची माळ दिसते ना? ती खाली ओढायची. जोर लावायला नको. दोन नखांनी धरलं तरी पुरे."

"दोन नखांनी? कमाल आहे बाई! आवाज होतो का?"

"मुळीच नाही. आत झोपलेल्यालाही कळत नाही."

"छान, छान," घोरपड म्हणाली. "उंबरं आणायला लांब जावं लागत असेल ना तुम्हाला?"

"ओढ्यापलीकडे. येऊन जाऊन बराच वेळ लागतो."

"या मग सावकाश," घोरपड म्हणाली.

धनेशराव उडाले ते तरंगतच. ओढ्यापलीकडच्या उंबरावर वानर बसला होता. धनेशरावांनी चोचीत उंबरं भरता भरता सगळी हकीकत त्याला सांगितली. घोरपडमावशी काय म्हणाल्या, शेड कशी वाखाणली, माळेबद्दल किती बारकाईने विचारलं.

वानर उंबर खात ऐकत होता. मग म्हणाला, "घोरपड म्हणजे तीच ना, अंडी खाणारी?"

धनेशरावांच्या चोचीतली सगळी उंबरं खाली पडली.

मुलांनो, धनेशराव तसे जड अंगाचे. उडताना पंखांचा मोठा आवाज होतो. पण त्या दिवशी ते जसे उडाले तसे जन्मात उडाले नव्हते. ओढा कधी मागे पडला ते त्यांना कळलं नाही. डोळ्यांसमोर ते एकच राखाडी पीस होतं. तिने ते चोचीत धरून आणलं होतं आणि आपण त्याची शेड बघितली. आता आत तिच्याकडे एकही पीस नसेल. उडता येणार नाही. अंड्यांवर पसरून बसली असेल आणि माळेची खूण आपणच सांगून आलो. धनेशराव उडता उडता रडत होते. मी त्यांची थट्टा करतोय खरी, पण त्या वेळी तुम्ही त्यांना हसू नका.

बेहडा दिसू लागला. ब्लाइंड वर गेला होता. अगदी नीट गुंडाळला होता, एक सुरकुती नव्हती. ढोलीच्या तोंडाशी घोरपड होती.

"कुमुद!" धनेशराव ओरडले.

घोरपड खाली उतरत होती. तिच्या नाकावर टेंगूळ आलं होतं आणि डोळ्याच्या बाजूला चोचीचा एक खोल टोचा होता.

"ही शुद्ध फसवणूक आहे!" ती धनेशरावांवर खेकसली. "पडदा लावता आणि मागे भिंत घालता? भिंतच घालायची होती तर पडदा कशाला टांगलात? आम्ही विश्वासाने माळ ओढली!"

आणि ती बुंध्याशी निघून गेली.

धनेशरावांनी वर पाहिलं. ढोलीला जाड, तुळतुळीत, वाळून दगड झालेली चिखलाची भिंत होती. काठाकाठाने चोचीने ठोकून ठोकून बसवलेली. मधोमध एक फट होती. सहा दुपारांचा चिखल होता तो. तिने एकटीने वाहून आत साठवला होता आणि ब्लाइंड खाली आल्यावर शांतपणे लिंपला होता.

फटीतून चोच बाहेर आली.

"अहो, उंबरं आणलीत का?"

उंबरं ओढ्यापलीकडे पडली होती. धनेशराव तसेच मागे वळले. परत आले तेव्हा चोचीत उंबरं होती आणि उंबरांच्या मागे ओल्या चिखलाचा एक गोळा होता. उंबरं त्यांनी फटीतून दिली. मग चिखलही दिला. "डावीकडे खाली जरा पोपडा निघालाय," एवढंच म्हणाले.

"बघते," आतून कुमुदताई म्हणाल्या.

गोष्ट इथेच संपली असती तर बरं झालं असतं. पण जंगलाला गोष्टी संपवायची सवय नसते.

नाकावर टेंगूळ कशाने आलं, असं सगळे घोरपडीला विचारू लागले. चिखलाला फसले, हे सांगायची तिला लाज वाटली. ती म्हणाली, "त्या धनेशाचा ब्लाइंड भलताच मजबूत आहे." दुसऱ्या दिवसापासून रंगनाथ झाडोझाडी सांगत फिरू लागला, "घोरपडप्रूफ आहे, साहेब. स्वतः घोरपडीने तपासलेला."

लोक खात्री करायला धनेशरावांकडे आले. "खरंच का हो, ब्लाइंडमुळे घर वाचलं?"

धनेशरावांनी ढोलीकडे पाहिलं. त्यांनी खरं सांगायला चोच उघडली होती, हे मी शपथेवर सांगतो. पण समोर सगळं जंगल जमलं होतं, वानरही आला होता आणि सगळे किती आदराने बघत होते!

"शेड महत्त्वाची असते," धनेशराव म्हणाले.

फटीतून खुदकन हसल्याचा आवाज आला. मग आतून लिंपण ठोकल्याचा आवाज आला, ठक ठक. लोकांना वाटलं, ब्लाइंडचाच आवाज असेल.

तात्पर्य: घराला रोलर ब्लाइंड जरूर लावावा आणि त्याची शेड खूप दिवस विचार करून निवडावी. पडद्यामागे भिंत आहे की नाही, याची चौकशी करत बसू नये. ती घरातलं कोणीतरी दुपारचं घालत असतंच. फक्त त्याच्या चोचीला चिखल दिसला तर पूस म्हणू नये.