पाखरं हाकलायची पट्टी

फोन आला तेव्हा मोनालीच्या एका खांद्यावर नऊ महिन्यांची सोनिका होती, दुसऱ्या खांद्यावर ओला टॉवेल होता आणि गॅसवरची डाळ उतू जायच्या बेतात होती. फोन सासऱ्यांचा होता. पण अनोळखी नंबर दिसला की चंद्रभानराव तो फोन सापासारखा लांब धरत आणि सुनेच्या हातात देत. आज तर ते फोन घरीच विसरून गेले होते.

"नमस्कार, मी पुण्याहून सुमंत बोलतोय. 'फोर्टी सेव्हन' बँडचे चंद्रभानजी इथेच राहतात का?"

"राँग नंबर लागला तुम्हाला. आमचे बाबा पाण्याचे मीटर तपासायचे."

"म्हणजे तेच असतील. ते पुढे पाणी खात्यात लागले, एवढंच कळलं होतं. आम्ही सहा वर्षं शोधतोय त्यांना. काही जण म्हणतात, ते हिमालयात निघून गेले."

"मेथी आणायला गेलेत," मोनाली म्हणाली. "येतीलच इतक्यात."

ते येईपर्यंत सुमंतने तिला जे सांगितलं, ते ऐकताना डाळ करपली. चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात नागपुरातल्या चार पोरांनी रुपराव साउंड सर्व्हिसच्या मागच्या खोलीत एक अल्बम रेकॉर्ड केला होता. सायकेडेलिक रॉक. त्या आठवड्यात पारा सत्तेचाळीसवर होता, म्हणून बँडचं नाव 'फोर्टी सेव्हन' आणि अल्बमचं नाव 'लू', म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा. कलकत्त्याहून शंभर तबकड्या छापून आल्या. रुपरावांनी त्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवल्या आणि तीन दिवसांत नव्वदांच्या कुरडया झाल्या. उरलेल्या दहांपैकी एक कशी कोण जाणे परदेशात पोचली होती. तिकडच्या शौकिनांनी ती आता डोक्यावर घेतली होती, फक्त 'लू' म्हणजे इंग्रजीतला संडास अशी त्यांची बरीच वर्षं समजूत होती.

"आम्हाला तो पुन्हा काढायचाय. पण त्या तबकडीवर फार चरे आहेत. मूळ टेप मिळाली तरच जमेल."

तेवढ्यात चंद्रभानराव मेथीची जुडी घेऊन आत आले. त्यांनी फोन कानाला लावला आणि बराच वेळ नुसतं "हो... हो" करत राहिले. मग म्हणाले, "टेप? हाय नं. माळ्यावर पत्र्याच्या डब्यात ठेवून हाय. या तुम्ही इतवारी."

त्यांनी फोन ठेवला. मेथीची जुडी अजून हातातच होती. "मोनाली वं, आम्ही चौघं होतो," ते म्हणाले. "तिघं गेले. मले वाटलं, आता मी गेलो की झालं. पण त्या डब्यात तिघंही हायत पाह्य. जसेच्या तसे."

मोनालीने सोनिकाला घट्ट धरलं. कारण त्या डब्यात आता काहीच नव्हतं, हे तिला ठाऊक होतं.

त्याचं असं झालं होतं. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक डबा निघाला, त्यात तपकिरी पट्टीचं मोठं चाक. त्याच दिवशी पारशिवनीहून चुलत सासरे गोविंदाकाका आले होते आणि पोपट ज्वारी ठेवत नाहीत म्हणून रडत होते. वावरात जुन्या टेपची पट्टी ताणून बांधली की ती वाऱ्यावर घोंघावते, उन्हात चमकते आणि पाखरं जवळ येत नाहीत, हे मोनालीला माहेरी असल्यापासून माहीत. तिने सासूबाईंना विचारलंही होतं, "आई, हे देऊ का काकांना?" वच्छलाबाई चकल्या तळत होत्या. मान वर करून त्यांनी चाकाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दे. त्याच कामाचं हाय ते." मोनालीने चाक दिलं, डबा मात्र चांगला आहे म्हणून पुसून परत माळ्यावर ठेवला.

पुढचे दोन दिवस चंद्रभानराव घरात ओळखू येईनात. जो माणूस जेवताना 'मीठ' एवढाच शब्द बोलायचा, तो पोळ्या लाटणाऱ्या सुनेला गिटारच्या तारांबद्दल सांगू लागला. त्यांनी नखं कापली. कपाटातून मोठ्या कॉलरचा शर्ट काढून तो पोटावर बसतो का ते पाहिलं, नाही बसला, तरी इस्त्री केली.

"काय होऊन राहिलं ह्यायले?" वच्छलाबाईंनी विचारलं. त्या भजनाहून आल्या होत्या.

"इतवारी पुण्याचे लोक येऊन राहिले. आमच्या सायकेडेलिकसाठी."

"सायकल डिलर?" वच्छलाबाई म्हणाल्या. "तुमची सायकल तं मी मागच्या सालीच भंगारात देली."

"सायकल नाही वं. गाणी. आमची ती टेप." आणि चंद्रभानराव शिडी लावायला निघाले. मोनाली सोनिकासकट शिडीपुढे उभी राहिली.

"बाबा, वर लय धूळ हाय. तुम्हाले खोकला हाय. मी काढून ठेवते, अगदी पुसून."

"ठीक हाय बेटा," ते म्हणाले. "पण सांभाळून. नाजूक असते ते."

वच्छलाबाई दोघांकडे पाहत राहिल्या. मग वाती वळायला बसल्या.

नवरा सुशील चंद्रपूरला ट्रेनिंगला गेलेला. शनिवारी सकाळी मोनालीने सासूबाईंना सांगितलं की तिला तुरीच्या शेंगा खाव्याशा वाटताहेत, काकांकडे जाऊन घेऊन येते.

"इतक्या थंडीत, पोरीले घेऊन, शेंगासाठी?" वच्छलाबाईंनी तिला खालून वर पाहिलं. "मोनाली वं, दुसरं तं नाही नं काही?"

"नाही हो आई, तसलं काही नाही," मोनाली लाल होत म्हणाली आणि बॅगेत डायपरच्या खाली तो रिकामा डबा कोंबून एसटीत बसली.

सोनिका बसमध्ये रडली. ती सगळीकडेच रडायची. उन्हाळ्यात शहाण्यासारखी झोपणारी पोरगी दसऱ्यापासून सलग पाऊण तास झोपेना. दात येत असतील, दृष्ट लागली असेल, पोटात दुखत असेल, असं सगळं झालं होतं. मोनाली दोन महिने उभ्या उभ्या डुलक्या घेत होती. पट्टीचं चाक पाहून ते कोणाचं असेल हे न सुचायला तेही एक कारण असावं, असं तिला आता वाटत होतं.

गोविंदाकाकांच्या वावरात पट्टी दिमाखात उभी होती. या बांधापासून त्या धुऱ्यापर्यंत चमचमत्या रांगाच रांगा. एका बुजगावण्याला तर त्यांनी लग्नातल्या नवरदेवासारखी आडवी पट्टी घातली होती.

"काका, मले ही वापस पाहिजे."

"काहून?"

"याच्यात बाबांची गाणी हायत."

गोविंदाकाकांनी पट्टीकडे पाहिलं, मग वर पोपटांकडे. "तरीच. मी म्हणलं, यंदा पाखरं एवढी काहून पळून राहिली. अन् माह्या ज्वारीचं काय आता?"

मोनालीने ओढणी काढून बुजगावण्याला बांधली. बॅगेतली सोनिकाची खुळखुळ्यांची माळ काढून दिली. चकलीची चांदीसारखी चमकणारी रिकामी पिशवीही दिली. मग काकांना जरा दया आली आणि दोघं मिळून पट्टी सोडायला लागले. चाक काकांच्या घरी राहिलं होतं, म्हणून तोवर सोनिकाच्या खिचडीच्या डब्यावरच गुंडाळली. पट्टी अकरा ठिकाणी तुटली होती. कुठला तुकडा आधी, कुठला नंतर आणि कुठली बाजू सुलटी, हे सांगायला पोपटांशिवाय कोणी नव्हतं.

वारा सुटला की उरलेली पट्टी घोंघावे. घूंऽऽ... घूंऽऽ... अर्ध्या तासाने मोनालीच्या लक्षात आलं की खांदा जड झालाय. सोनिका झोपली होती. तोंड उघडं टाकून, सगळं सोडून. मोनाली धुऱ्यावर बसली आणि तिला एकदम रडू आलं. आपण या घरात आलो तेव्हापासून बाबा आपल्याला कधी उणा शब्द बोलले नाहीत, आणि आपण त्यांचे तीन दोस्त ज्वारीवर वाळत घातले.

"रडू नको बेटा," गोविंदाकाका म्हणाले. "घे, शेंगा घेऊन जा."

घरी आल्यावर वच्छलाबाईंनी पिशवी पाहिली. "शेंगा तं आणल्या. ओढणी कुठं हाय?"

"बसमध्ये राहिली."

"बरं," वच्छलाबाई म्हणाल्या.

रविवारी सुमंत आला. गोरा, किडकिडीत, पाठीवर कापूस भरलेली पेटी आणि पेटीत स्पूलचं मशीन. चंद्रभानरावांनी मोठ्या कॉलरचा शर्ट वरची दोन बटणं उघडी ठेवून घातला होता, वर स्वेटर. मोनालीने चिकटपट्टीने जोडलेलं, चाकावर कसंबसं गुंडाळलेलं ते प्रकरण पुढे केलं.

"जरा... हवामानाचा परिणाम झालाय," ती म्हणाली.

"साहजिक आहे, पन्नास वर्षं झाली," सुमंत हळुवारपणे म्हणाला. पट्टीत अडकलेला ज्वारीचा दाणा त्याने चिमटीने काढला, न्याहाळला आणि एका छोट्या पाकिटात जपून ठेवला.

मशीन सुरू झालं. आधी खरखर. मग एक माणूस उलटा बोलायला लागला, जणू विहिरीच्या तळातून कोणी परक्या मुलखातलं स्तोत्र म्हणत होतं. मध्येच भोंगा. मध्येच काहीच नाही. परत उलटा माणूस.

सुमंतने डोळे मिटले. "बापरे," तो पुटपुटला. "हे तबकडीवर नाहीच. चौऱ्याहत्तर साली नागपुरात उलटी टेप? चंद्रभानजी, तुम्ही काळाच्या किती पुढे होतात."

चंद्रभानरावांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "हे आम्ही कधी केलं गा?"

तेवढ्यात बारा तुकड्यांपैकी नेमका एक सुलटा लागला. त्यातून एका तरण्या, खणखणीत आवाजाने घर दणाणलं: "शेतकरी बंधूंनो! घूस, उंदीर, पाखरं, यांच्यापासून पीक वाचवा! आजच आणा, गरुडछाप भुकटी!"

सोनिका दचकून रडायला लागली. चंद्रभानराव उभे राहिले. "हा तं मी हाय. रुपरावची जीप घेऊन गावोगावी फिरायचो, तेव्हाची जाहिरात हे."

मोनालीला आता राहवेना. "बाबा, मी चुकली," ती म्हणाली, आणि दिवाळी, डबा, काका, पोपट, ओढणी, सगळं एका श्वासात सांगून टाकलं. "मी तुमची टेप पाखरं हाकलायला दिली."

चंद्रभानराव खाली बसले. ते रागावले असते तर बरं, असं मोनालीला वाटलं.

"त्याच्यासाठी गेली होती का वं तू?" वच्छलाबाई दारातून म्हणाल्या. "मले वाटलं, मले नातू होऊन राहिला." आणि त्या आत गेल्या. लोखंडी पेटी उघडल्याचा कर्रकन् आवाज आला, डांबरगोळ्यांचा वास आला, आणि त्या लग्नाच्या शालूत गुंडाळलेलं एक चाक घेऊन बाहेर आल्या. जसंच्या तसं, एकही सुरकुती नसलेलं.

"लग्न होऊन आली तं मामंजी म्हणत होते, ही कोल्हेकुई बंबात घालतो. मी ते भुकटीवालं डब्यात टाकलं अन् हे माह्या पेटीत."

"सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षं झाली, वच्छला," चंद्रभानराव म्हणाले. "कधी सांगितलं नाही?"

"मले कोणी इचारलं का? तुम्ही कधी ऐकाले काढली असती, तं देली असती." मग आवाज उतरवून, "मले वाटे, आठवण आली तं तुम्हाले दुखन."

चंद्रभानरावांनी चाक दोन्ही हातांनी घेतलं आणि सुमंतला दिलं. मोनालीने भिंतीला पाठ टेकली.

यावेळी मशीनमधून जे आलं ते एकाच वेळी दुपारच्या झळांसारखं डोलत होतं आणि कुठेतरी खोल घुमत होतं. गिटार आली, ढोल आला, कोणीतरी लांबून खोकलं. "हा सुधाकर," चंद्रभानराव म्हणाले. "त्याले धूळ सहन होत नव्हती." ते हसत होते आणि चष्मा पुसत होते.

"आणि हा नाद," सुमंत पुढे वाकला. "ज्याच्यावर सगळं जग भांडतंय. काही म्हणतात तिबेटी शिंग, काही म्हणतात खास बनवलेलं यंत्र. हे नक्की कोणतं वाद्य आहे?"

"हे? कूलर."

"कुठल्या कंपनीचं?"

"रुपरावनं पत्रा ठोकून बनवला होता. सत्तेचाळीस डिग्रीत बंद केला असता तं आम्ही मेलो असतो. पंख्याचं पातं वाळ्याच्या ताटीच्या गवताले घासे, त्यानं घूं वाजे. आम्ही मंग गिटारच त्याच्या सुरात लावल्या." ते जरा लाजले. "तसंही डोकं फिरवाले आम्हाले दुसरं काही लागत नव्हतं. ऊनच लागलेलं होतं."

सुमंत वहीत गंभीरपणे लिहीत होता: कूलर — रुपराव. तो अजून काही विचारणार, तोच वच्छलाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

सोनिका झोपली होती. मोनालीच्या मांडीवर, तोंड उघडं टाकून, सगळं सोडून. जे गाणं मामंजी बंबात घालणार होते, त्याने पोरीला पहिल्या कडव्यातच झोपवलं होतं.

सुमंत टेपच्या दुसऱ्या बाजूला जाऊ म्हणाला. "नाही," वच्छलाबाई कुजबुजल्या. "हेच वाजव पुन्हा." बिचाऱ्याने ते चार वेळा वाजवलं. संध्याकाळी गाडीची वेळ झाली तेव्हा मशीन बंद करताना त्याचाही जीव होत नव्हता. खटका पडला आणि सोनिकाने डोळे उघडले. सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. उन्हाळाभर ही पोरगी कशामुळे झोपत होती, हे एकाच वेळी सगळ्यांच्या डोक्यात आलं. दसऱ्याला कूलर कोणी बंद केला होता, हेही.

वच्छलाबाई उठल्या, खिडकीतल्या कूलरवरचं गोणपाट काढलं आणि बटण दाबलं.

त्या थंडीत नागपुरातल्या मानेवाड्याच्या त्या घरात कूलर चालू राहिला. चंद्रभानराव कानटोपी घालून, दोन ब्लँकेटं पांघरून त्याच्यासमोर बसले, डोकं एका बाजूला कलतं करून. सोनिका घोरत होती. तिच्या शेजारी मोनालीही कधीच झोपली होती, हातात चमचा तसाच.

"वच्छला," चंद्रभानराव हळूच म्हणाले, "जरा उतरला वाटते. एक तांब्या पाणी टाक वं त्याच्यात. मंग येते सुरात."