लांब लांब रेषांची टेकडी

कुवेतमधल्या आमच्या फिंतासच्या बिल्डिंगमध्ये कोण कितव्या मजल्यावर राहतं, हे गायधनीकाका कधीच सांगत नाहीत. ते उंची सांगतात. नवा शेजारी म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो, तेव्हा दार उघडून म्हणाले, "या! समुद्रसपाटीपासून सव्वीस मीटरवर आपलं स्वागत आहे." चपला काढाव्यात की ऑक्सिजन लावावा, मला कळेना.

काका नाशिकचे, तेलकंपनीत सर्व्हेअर. फोनमधल्या नकाशावर त्यांचा भारी राग. "तो रस्ता दाखवतो हो, जमीन कुठे दाखवतो?" त्यांच्याकडे वाळवंटाचे जुने कागदी नकाशे आहेत, घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेले. त्यांवर उंचीच्या तपकिरी रेषा. रेषा दाटीनं आल्या की चढ उभा, लांब लांब असल्या की सोपा. "रेषा बघा, रेषा!" हे त्यांचं पालुपद.

पुढच्या महिन्यात काका कायमचे नाशिकला परतणार होते. त्याआधी त्यांना एक टेकडी हवी होती, तीही लांब लांब रेषांची. कुवेतमध्ये टेकडी शोधायची हाच मुळात आगाऊपणा, त्यात ही अट! शुक्रवार आला की गाडी मी चालवायची, कारण नकाशात डोकं घालून काका एकदा थेट उंटांच्या कळपात शिरले होते.

वाळवंटातल्या सालमीच्या रस्त्यानं आम्ही एका टेकडीपाशी पोचलो, तर तिथे भलामोठा खड्डा. माती उपसून ट्रकांनी कधीच नेलेली. काका जराही खचले नाहीत. "आपल्याच बिल्डिंगच्या पायाभरणीत गेली असणार. राहतोच आहोत तिच्यावर!"

शेवटी एक सापडली. पुढच्या शुक्रवारी मागच्या सीटवर काकांच्या पत्नी सुलभाकाकू होत्या. एकेकाळी नाशिककडचे गड पालथे घातलेल्या काकू पक्षाघातानंतर चाकांच्या खुर्चीत बसल्या, त्या बसल्याच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"तिकडे गेल्यावर कुठला गड दाखवू हिला?" काका मला हळूच म्हणाले. "तिथल्या रेषा एकमेकींना चिकटलेल्या."

खुर्चीला त्यांनी मला हात लावू दिला नाही. खडीतून ढकलत, थांबत, एकटेच वर घेऊन गेले. वर वारा होता. खाली चहूकडे नुसतं मोकळं वाळवंट.

"अहो, किती चढलो?" काकूंनी विचारलं.

एका मीटरवरून भांडणाऱ्या या माणसानं नकाशा पाहिला आणि घडी करून खिशात घातला.

"खूप," ते म्हणाले.

काकूंनी चालत्या हातानं पदर उचलला आणि काकांच्या कपाळावरचा घाम टिपला.

"मग बसा आता. गडावर पोचल्यावर घटकाभर बसायचं असतं."