हेमावहिनींकडे आलेले अपवाद

हेमावहिनींकडे इंग्रजी स्पेलिंगचा एक नियम सोमवारी सकाळी मुक्कामाला आला. आमचं दार त्यांच्या समोरच, त्यामुळे बेल वाजली तेव्हा मी उंबऱ्यात होतेच. उंच, सडपातळ गृहस्थ, हातात बॅग, बगलेत छत्री. त्यांनी परीक्षा विभागाचं पत्र दाखवलं, चपला काढून नीट जुळवून ठेवल्या आणि आत गेले.

यात नवल काही नाही. खात्याच्या परीक्षेत इंग्रजीचा पेपर असला की उमेदवाराकडे एकेक अवघड नियम आठवडाभर राहायला पाठवतात. तो पक्का झाला की नियम दाखल्यावर सही करतो. सहीशिवाय हॉलमध्ये घेत नाहीत. वहिनी कचेरीत शिपाई. ही त्यांची तिसरी खेप, आणि वयाच्या अटीमुळे शेवटची. पास झाल्या तर कारकून, नाहीतर रिटायर होईपर्यंत चहाचा ट्रे. पेपर रविवारी.

नियम साधा होता. मी सातवी शिकलेली, मलाही कळला. स्पेलिंगमध्ये आय आणि ई जोडीने आले, तर आय पुढे, ई मागे. त्यांच्याआधी सी उभा असला, तर ई पुढे.

"एवढंच?" वहिनींचे मिस्टर दत्ताभाऊजी म्हणाले. "आम्ही उगाच गादी काढली."

नियमसाहेब बशीत चहा ओतत म्हणाले, "घरचे मागून येतायत."

घरचे म्हणजे त्यांचे अपवाद. संध्याकाळी प्रोटीन आला. मंगळवारी हाइट आला, मग दोन मोठ्या बॅगा घेऊन फॉरेन. सायन्स आणि सोसायटी एकाच रिक्षातून उतरले. सोसायटीने आल्याआल्या जिन्यातला दिवा का बंद आहे ते विचारलं. बुधवारपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाला बेल वाजायला लागली. माझ्या दोन गाद्या, सतरंजी आणि मोठं पातेलं तिकडे गेलं. मी दिवसातून दहा वेळा दार उघडून बघत होते. घरात बसवेना.

"वहिनी, अभ्यासाचं काय?"

"एवढ्या पोळ्या झाल्या की बसते."

"काल पण हेच म्हणालात."

"काल पुऱ्या होत्या, बेबीताई."

पाहुण्याला जेवू घातल्याशिवाय पुस्तक कसं उघडायचं? वहिनी भल्या बाई. कुणाच्या चहात साखर किती, कुणाला उशी उंच लागते, एवढं त्यांना तोंडपाठ झालं. स्पेलिंग तेवढं राहिलं.

शुक्रवारी नियमसाहेबांनी सगळ्यांना ओळीने बसवलं, मोजलं आणि पेनाला टोपण घातलं. "एक कमी आहे. सगळे हजर झाल्याशिवाय मला सही करता येत नाही."

"कोण राहिलंय?"

"ते आठवलं असतं तर बोलावलंच असतं की, बाई."

मी तिथेच होते. उठून सरळ घरी आले.

कारण तो माझ्याकडे होता. बुधवारी दुपारी जिन्याच्या वळणावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेला दिसला. नाव विचारलं, तर म्हणाला, नेबर. समोरच्या घरात का जात नाहीस म्हटलं, तर म्हणाला, "या कुणी म्हटलं नाही." मी म्हटलं, या. आमचे हे एसटीत कंडक्टर, त्यांची लांबच्या गाडीवर ड्युटी. मुलगा पुण्याला. दोन वर्षांत माझं बोलणं कुणी मध्ये न तोडता ऐकलं नव्हतं. हा ऐकायचा, आणि मी थांबले की विचारायचा, "मग त्या काय म्हणाल्या?" सांगा, लगेच कसा देऊन टाकायचा?

शनिवारी दुपारी वहिनी गच्चीवर उशांचे अभ्रे वाळत घालत होत्या. मीही गेले. एक अभ्रा त्यांनी तीनदा झटकला.

"कचेरीतला नवीन साहेब पंचवीस वर्षांचा आहे," त्या म्हणाल्या. "मला मावशी म्हणतो. चांगला आहे. पण कप माझ्या हातात देताना माझ्याकडे बघत नाही."

मी चिमटे संपेपर्यंत थांबले. मग खाली जाऊन त्याला हाताला धरून समोर नेलं. त्याची पिशवी मात्र आमच्या खुंटीवरच राहिली.

"हा कुठे होता?" वहिनींनी विचारलं.

"माझ्याकडे."

"कधीपासून?"

"बुधवारपासून."

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. दत्ताभाऊजी खोकले. मग वहिनी म्हणाल्या, "चहात साखर किती घेतो?"

"घेत नाही. आलं लागतं."

नियमसाहेबांनी परीक्षा घेतली. वहिनींनी एकेकापुढे कप ठेवत सांगितलं. प्रोटीन, अर्धा चमचा, ई पुढे. फॉरेन, दूध वेगळं, ई पुढे. सोसायटी, दोन चमचे, सी असूनही आय पुढे. नेबर, बिनसाखरेचा, ई पुढे. एकही कप चुकला नाही. साहेबांनी सही केली आणि म्हणाले, "आमची एवढी ओळख कुणी ठेवली नव्हती."

रविवारी सकाळी सगळे निघाले. वहिनींनी प्रत्येकाला दशम्या बांधून दिल्या आणि दाखला पर्समध्ये घालून परीक्षेला गेल्या. मी गॅलरीतून मोजत होते. फाटकाशी साहेबांनीही मोजलं आणि वर बघितलं.

"एक कमी."

"अपवाद आहे तो," सोसायटी म्हणाली. साहेबांनी जरा विचार केला, छत्री उघडली आणि रिक्षात बसले.

वहिनी दुपारी आल्या. पेपरात ओळखीचे तिघं भेटले म्हणाल्या. जेवल्या आणि संध्याकाळपर्यंत झोपल्या.

सोमवारी आमचे हे ड्युटीवरून आले. खुंटीवरची पिशवी बघितली, मग शेंगा सोलत बसलेल्याकडे बघितलं.

"हे कोण?"

"इंग्रजीतले आहेत. राहतायत."

"बरं," हे म्हणाले. "मग भाकऱ्या दोन जास्त टाक," आणि पाय धुवायला मोरीत गेले.