पाटीची पाठ

गाडीखालून गोपालचे फक्त पाय दिसत होते आणि धुरपदाबाई त्या पायांशी बोलत होत्या.

"अरे, पर्वत पाटियाचा सारा बाजार उघडला असेल आणि तू काय झोपून राहिला त्या डब्याखाली?"

"नंबर वाचतोय, आई. हर्षदा, लिही. शून्य, सात, मग इंग्लिश सी."

"सी की जी?" पायरीवर कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या सुनेनं विचारलं.

"गंज आहे. सी धर."

"गंज असला की काहीही धरता येतं," धुरपदाबाई म्हणाल्या.

डबा म्हणजे एक विलायती मोटार होती. शर्यतीची म्हणे. दोनच माणसांची, बिनछपराची, आणि इतकी ठेंगणी की बसणाऱ्याला बूड रस्त्याला टेकल्यासारखं वाटावं. ज्या घरात एका रिक्षात सहा जण बसतात आणि सातव्याला मांडीवर घेतात, त्या घरात ही दोन माणसांची चैन आली कुठून? तर सुरतेतच कतारगामला हिरे घासण्याचा एक बंद कारखाना होता, त्याच्या शेडमध्ये ती धूळ खात पडली होती. साड्यांच्या लेसपट्ट्या विकणारा गोपाल तिथे गेला होता जुनी कपाटं बघायला. कपाटं राहिली तिथेच आणि गोपाल टेम्पोला बांधून हे घेऊन आला.

"तीन ठिकाणी नंबर असतो, आई," गोपाल बाहेर निघत म्हणाला. त्याचं बनियन बघवत नव्हतं. "एक सांगाड्याच्या पाटीवर, एक इंजिनच्या पाटीवर आणि एक या पितळी पाटीवर. पहिलं अक्षर म्हणजे गाडीचं घराणं. दुसरं म्हणजे जन्मसाल. मग स्टिअरिंग कोणत्या हाताला, आणि शेवटी कितवं लेकरू. तिन्ही पाट्या जुळल्या तर गाडी अस्सल. नाही जुळल्या तर तीन मेलेल्या गाड्यांची गोधडी."

"म्हणजे पत्रिकाच की. किती गुण जुळले?"

"आतापर्यंत सगळं मॅचिंग आहे."

"मॅचिंग तू ब्लाउजपिसाचंही असंच सांगतो गिऱ्हाइकाला. घरी जाऊन बाई रडते."

हर्षदा कागदात तोंड घालून हसली. गोपालनं मात्र ते मनावर घेतलं नाही, कारण त्याचं सगळं चित्त रविवारवर होतं. रविवारी कीकुभाई देसाई येणार होते. जुन्या मोटारींचं खरंखोटं सांगणारा सुरतेत हा एकच माणूस. ते "असली" म्हणाले, की त्यांच्या मंडळाचा बिल्ला गाडीला लागणार आणि सव्वीस जानेवारीच्या मिरवणुकीत गोपाल ती चालवणार. "नकली" म्हणाले, तर गाडी भंगारात. तसं त्यानं हर्षदेला देवासमोर कबूल केलं होतं.

आता खरी गोष्ट अशी, की रविवारची धास्ती गोपालपेक्षा धुरपदाबाईंना जास्त होती. तोंडानं त्या डबा म्हणायच्या, पण ते घरात. समोरच्या प्रमिलाबाईंच्या मुलानं नवी कोरी मारुती घेतली, तेव्हा त्या पेढे घेऊन आल्या आणि जाता जाता या गाडीकडे बघून म्हणाल्या, "तुम्हीपण घेतली वाटतं, जुनी?" त्या 'जुनी'त एवढं काही भरलेलं होतं, की धुरपदाबाईंच्या घशात पेढा अडकला.

"जुनी नाही हो, राजाची आहे," त्या म्हणाल्या. "तुमची कारखान्यातून निघते, कोणालेही भेटते. ही राजाची."

"अगंबाई! कोणत्या राजाची?"

"तपास चालू आहे."

बोलून गेल्या. मग ते निभावणं आलं. आठवडाभरात राजा सोसायटीभर फिरला आणि रविवारी तज्ज्ञ येणार म्हटल्यावर धुरपदाबाईंनीच साऱ्या बायांना पोंक खायला बोलावून ठेवलं. आमच्या खानदेशात याले हुरडा म्हणतात, हे सांगायची संधी त्या दर थंडीत शोधतच असत.

शुक्रवारी गोपालनं पितळी पाटी काढली. बाकी दोन पाट्यांचे स्क्रू जाम होते. ही तेवढी निघाली. ती घासलेटात बुडवून त्यानं ओट्यावर ठेवली आणि "कोणी हात लावायचा नाही" असं बजावून तो दुकानात गेला.

पितळ काळं आणि धुरपदाबाई रिकाम्या, हे एका ओट्यावर फार वेळ टिकणारं नव्हतंच. राजाची पाटी आणि ही दशा? बाया काय म्हणतील? त्यांनी चिंच भिजवली, मीठ घेतलं आणि बसल्या. घटकाभरात पुढची बाजू सोन्यासारखी झाली. इंग्रजी आकडे लखलखले. मग त्यांनी पाटी उलटी केली आणि मागून घासली.

मागून आधी गोल गोल रेघा निघाल्या. मग टिंबं निघाली. टिंबांची अक्षरं झाली.

"हाई काय शे व माय!" त्यांच्या तोंडून थेट अमळनेरची बोली निघाली.

धुरपदाबाईंची शाळा दुसरीतच सुटली होती. पेपर त्यांना वाचता यायचा नाही. पण भांड्यावर घातलेलं नाव मराठीत असो की गुजरातीत, त्यांच्या नजरेतून सुटत नसे. कोणाच्या लग्नातला तांब्या कोणाच्या बारशात गेला, कोणी नाव खरवडून आपलं घातलं, हे त्या भांडं हातात घेऊन सांगत. आणि इथे तर गुजरातीत स्वच्छ होतं: वरच्या ओळीत 'मंछाफोई तरफथी', खालच्या ओळीत 'जनोई प्रसंगे'. पुढे मुलाचं नाव असणार, ते कातरीत गेलं होतं.

म्हणजे कोण्या पोराच्या मुंजीत आत्यानं दिलेली थाळी. ती कापून कोणीतरी ही पाटी केली होती. राजाच्या घरी फोई असेल, नाही कोण म्हणतं? पण विलायतेच्या कारखान्यात मंछाफोई कुठून आली?

धुरपदाबाईंच्या डोळ्यांसमोर रविवारचा ओटा उभा राहिला. पोंक खाणाऱ्या बाया आणि सगळ्यात पुढे प्रमिलाबाई.

आधी त्यांनी पाटी धुण्याच्या दगडावर घासली. अक्षरं आणखी उजळली. मग दिव्याची काजळी तेलात कालवून फासली. टिंबांत काजळी बसली आणि मघाशी जे वाकून वाचावं लागत होतं, ते आता उभ्याने वाचता येऊ लागलं. नाव घालणाऱ्यानं मजुरी पुरेपूर वसूल करून दिली होती. शेवटी त्यांनी सारं पुसून पाटी सुलटी ठेवली आणि संध्याकाळी गोपाल आल्याबरोबर म्हणाल्या, "ती पाटी आत्ताच्या आत्ता गाडीले लाव बरं."

गोपालनं पाटी पाहिली आणि मटकन खाली बसला. "आई, तू घासली? अगं, त्याच्यावरचा मळ पन्नास वर्षांचा होता! मळ हाच तर पुरावा असतो!"

"मग तुझ्या बनियनवर लई पुरावा आहे. लाव म्हणते ना पाटी."

"नाही लावता येणार. कीकुभाई फोनवर म्हणाले, सुटी ठेवा, मागून बघायची आहे."

ते ऐकून धुरपदाबाई पाटीकडे बघत आत निघून गेल्या. गोपालला वाटलं, आईला पश्चात्ताप झाला. त्यानं इतक्या वर्षांत तो कधी पाहिला नसल्यामुळे, हा तो नव्हे हे त्याला ओळखता आलं नाही, एवढंच.

शनिवारी सकाळी हर्षदा दिवा लावायला गेली, तर देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी तांदळाच्या राशीवर पाटी बसवलेली. वर हळदकुंकू, जास्वंदीचं फूल.

"आई, गाडीची पाटी देव्हाऱ्यात?"

"का? तुझ्या नवऱ्याचा जीव आहे तिच्यात. पूजा झाली आता तिची. हलवायची नाही आणि पालथी तर घालायचीच नाही. देव पालथा घालतं का कोणी?"

हर्षदेनं सासूकडे नीट बघितलं. डबा म्हणणारी बाई एका रात्रीत आरतीवर आली, यात काहीतरी होतं. पण विचारून उत्तर मिळालं असतं, असं ते घर नव्हतं.

रविवारी कीकुभाई आले. जुन्या मोटारींचे हे मोठे जाणकार स्कूटरवरून आले, कारण त्यांच्या स्वतःच्या तिन्ही मोटारी दुरुस्तीत होत्या. पांढरा सफारी, खिशात भिंग. गाडीभोवती फिरत त्यांनी बोनेटवर टिचकी मारली. "लाल रंग तो नया है. ऐसी गाडी सुरतमां? मैंने तो कभी देखी नहीं." मग भिंग लावून सांगाड्याचा नंबर, इंजिनचा नंबर. गोपाल आपल्या कागदावरून अक्षरं वाचत होता, कीकुभाई मान डोलवत होते आणि ओट्यावरच्या बाया पोंक चघळत श्वास रोखून होत्या.

"मळे छे, बधुं मळे छे," कीकुभाई म्हणाले. सगळं जुळत होतं. "अब वो पितळनी पाटी लाओ."

"ती देव्हाऱ्यात आहे," गोपाल ओशाळून म्हणाला.

कीकुभाईंनी चपला काढल्या आणि ते आत आले. मागोमाग प्रमिलाबाई आल्या, त्यांच्यामागे बाकीच्या. पाटीचं पुढचं तोंड बघून कीकुभाई खूश झाले आणि हात पुढे केला.

"पलटी मत करो," धुरपदाबाई आडव्या झाल्या. "देवाचं है."

"बेन, आगली बाजू तो कोई पण बनावे. खोटुं करवावाळो पाछली बाजू भूली जाय. बीस साल से मैं सबको ये ही शिकवतो."

"दाखवा ना हो," प्रमिलाबाई गोड आवाजात म्हणाल्या. "राजाची वस्तू आहे, मागून काय वेगळी असणार? का काही लपवलंय?"

आता काय करणार? धुरपदाबाईंनी बाळकृष्णाकडे पाहिलं. त्यानं काही मदत केली नाही. त्या बाजूला झाल्या.

कीकुभाईंनी फूल उचललं, पाटी उलटी केली आणि भिंग लावलं. त्यांचे ओठ हलले. एकदा हलले, थांबले, पुन्हा हलले. मग त्यांचे कान हळूहळू लाल होत गेले.

धुरपदाबाई डोळे मिटून घेणार होत्या, त्या थबकल्या. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. आपण दिलेला आहेर चार घरं फिरून आपल्याच दारी आला, की बाईचा चेहरा असा होतो. भिंगामागे घाम फुटलेला तो चेहरा त्यांनी पाहिला. सुरतेत पाट्यांतलं कळणारा माणूस एकच, हे त्यांना आठवलं आणि त्या चहाचा कप घेऊन पुढे झाल्या.

"कीकुभाई," कप देताना त्यांनी अगदी हळू विचारलं, "मंछाफोई ठीक आहेत ना?"

कीकुभाईंच्या बशीत चहा सांडला. "फोई तो… फोई तो दस साल पहले…" ते पुटपुटले. "थाळी गुम हुई, तो चोरीनो आळ बिचारी कामवाली गंगाबाई पर आया. बेन, तमने कैसे खबर…"

"काय निघालं मागे?" दारातून गोपालनं विचारलं. त्याचा आवाज फाटला होता. गेल्या पंधरा दिवसांत तो एवढा लहान कधी दिसला नव्हता.

धुरपदाबाईंनी कीकुभाईंकडे पाहिलं. कीकुभाईंनी पाटीकडे पाहिलं, ती झटकन सुलटी केली, तांदळावर ठेवली आणि फूल होतं तिथे होतं तसं ठेवलं.

"असली," ते म्हणाले. "सो टका असली. आवी पाटी दूसरी नथी."

गोपालनं त्यांना मिठीच मारली. बशीतला उरलेला चहा दोघांच्या मध्ये सांडला. बायांनी टाळ्या वाजवल्या. हर्षदेनं कपाळाला हात लावला, कारण डबा आता घरातून जात नव्हता. प्रमिलाबाई मात्र सहजासहजी मागे हटणाऱ्या नव्हत्या.

"पण राजा कोणता, ते राहिलंच की!"

"विचारा ना त्यांनाच," धुरपदाबाई पदर सावरत म्हणाल्या.

कीकुभाईंनी सफारीच्या बाहीनं कपाळ पुसलं. "राजा नहीं… राजकुंवर. छोटे कुंवर थे. उनकी जनोई थी, तो…"

"तर त्याच्या आत्यानं दिली," धुरपदाबाईंनी वाक्य पुरं केलं. "मुंजीत. भेट म्हणून."

"एकदम बराबर," कीकुभाई म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांनी मनापासून मान डोलावली.

"आत्या असावी तर अशी," कोणीतरी म्हणालं. प्रमिलाबाईंनी पोंकाची मूठ तोंडात टाकली आणि बराच वेळ चावत राहिल्या.

बिल्ला देऊन कीकुभाई निघाले. धुरपदाबाई फाटकापर्यंत पोचवायला गेल्या. पाहुण्याला कधी उंबऱ्यापुढे सोडायला जात नसत, पण आज गेल्या. कीकुभाईंनी स्कूटर वळवली, मागे गोपाल नाही असं बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"बेन, बाकीनी बे पाटी… खोली तो नथी ने?"

"नाही उघडल्या. स्क्रू जाम आहेत."

कीकुभाईंनी सुटकेचा श्वास सोडला. "जाम ज रहेवा देजो."

"राहतील. पण एक सांगा, खरं सांगा," धुरपदाबाई फाटकावर हात ठेवून म्हणाल्या. "तुमच्या आईच्या घरातली किती भांडी लागली हो या गाडीले?"

कीकुभाई विचारात पडले, अंगठा बोटाच्या पेरांवर टेकवून त्यांनी मोजायला सुरुवात केली, करंगळीपाशी येऊन भानावर आले, आणि एकाएकी स्कूटरला किक मारली.