नानांची कटर मशीन निळ्या टबापासून वाचली, त्याची हकीकत

श्री तुळजाभवानीचे पाय स्मरून, आणि खंडेनवमीस पुजल्या जाणाऱ्या तमाम विळे, खुरपी, कुऱ्हाडी आणि पान्हे यांस मुजरा करून, लोहारा तालुक्यातील सव्वातीन एकरांच्या दौलतीत गतसाली दसऱ्यानंतरच्या आठवड्यात जो थोर प्रसंग गुदरला, त्याची हकीकत येथे लिहितो. ऐकीव असे काही लिहिले नाही. ज्याची फजिती जाहली तो आणि लिहिणार हे एकच इसम आहेत. पराभव झाकता आले असते. पण ही बखर नानांना वाचून दाखवायची आहे, आणि कुणी खोटं बोललं की नाना खोकतात.

दौलतीचा विस्तार ऐसा. तीर्थरूप राजश्री बब्रुवानराव हे दौलतीचे धनी, मातोश्री चांगुणाबाई ह्या धन्याच्याही धनी, धाकटे चुलते नानासाहेब हे बाजेवर, आणि चिरंजीव युवराज, ज्यांस या बखरीत स्वारी म्हटले आहे, वय चोवीस, शिक्षण बी.ए., बाकी सगळी विद्या मोबाईलवर. स्वारीच्या मागील मोहिमा तीन. मिक्सरच्या मोहिमेत उघडताना स्क्रू चौदा होते, आणि बंद केल्यावर पाच हातात उरले, आणि मिक्सर त्या दिवसापासून मौनात गेला. टेबलफॅनच्या मोहिमेत पातं उलटं बसलं, आणि फॅन लई जोरात फिरला, आणि वारा सगळा भिंतीला लागला. कूलरच्या पंपाबद्दल न लिहिलेलं बरं.

नानासाहेब म्हणजे पूर्वीचे मशीनवाले नाना. सोलापूरहून लाकूड कापायची कटर मशीन आणून त्यांनी वीस वर्षं लोहाऱ्यापासून तुळजापूरच्या रस्त्यापर्यंत पडलेल्या बाभळी, लिंब आणि चिंचा उभ्या-आडव्या चिरल्या, आणि झाड कुणाच्या पत्र्यावर कोसळलं की पहिला फोन नानांना येई. मग नऊ वर्षांमागं उजव्या अंगावरून वारं गेलं, हात आखडला, आणि मशीन ओसरीच्या कोनाड्यात जी बसली ती उठली नाही. खंडेनवमीला तिची पूजा मात्र एक साल चुकली नाही. ती मातोश्री जातीने करीत.

तर मंगळवारी परतीच्या पावसाने सुलतानढवा केला, आणि रानाकडं जाणाऱ्या पाणंदीच्या तोंडावरची जुनी बाभूळ मुळासकट आडवी जाहली. पलीकडे रानात आमचं सोयाबीन पोत्यांत भरून ताडपत्रीखाली बसलेलं, आणि शेजारी महांतप्पा यांचंही तिथंच, आणि ट्रॅक्टर जायला दुसरी वाट नाही, आणि आभाळ अजून भरलेलं. सायंकाळी ओसरीत दरबार भरला. तीर्थरूपांनी फर्माविले की लोहाऱ्याच्या कटरवाल्यास सांगावा धाडला आहे, त्याची पाळी चार दिवसांनी. मातोश्रींनी त्यावर दुसरा हुकूम काढला तो ऐसा:

"आन घरातली ती आपली मशीन शनिवारच्या भंगाराच्या रिक्षात घाला. लोखंडावर निळा टब देतोय त्यो. मला कपडे भिजवायला व्हतोय."

नानांनी कूस वळवून भिंतीकडं तोंड केलं. ते स्वारीने पाहिलं, आणि मग मागचापुढचा विचार न करता भर दरबारात पण केला, की शनिवारच्या आत मशीन चालू करून बाभूळ कापीन, आणि नाही जमलं तर मीच ती उचलून रिक्षात ठेवीन.

"मिक्सर बघितलाय आमी," मातोश्री म्हणाल्या, आणि दरबार बरखास्त जाहला.

बुधवारी सकाळी स्वारी ओट्यावर दाखल जाहली, पोत्यावर मशीन मांडली, तांब्याला मोबाईल टेकवला, आणि पडद्यावरच्या परमुलखी उस्तादास मनोमन मुजरा केला. त्याची भाषा समजत नव्हती, हात समजत होते. त्याने दोरी एकदा ओढली आणि त्याची मशीन गरजली. मग स्वारीने दोरी ओढली, आणि मग दहादा ओढली, आणि मग चाळीसदा, आणि मग मोजणं सोडलं, आणि तळहाताला फोड आले, आणि खांद्यात उसण भरली, आणि सदरा काढून बनियनवर लढाई जुंपली, आणि मशीनीने हूं की चूं केलं नाही. महांतप्पा चहाचा कप घेऊन समोर उकिडवे बसले होते.

"काय रं युवराज, ताक घुसळायलास का?" त्यांनी विचारलं. "लोणी आलं की सांग."

तेव्हा बाजेवरून नानांचा पहिला खलिता आला. टाकीतलं पेट्रोल कवाचं हाय, ऐसा सवाल. स्वारीने अर्ज केला की तुमच्याच हातचं असेल. "मंग वास घे की त्याचा," नाना म्हणाले. घेतला. नऊ वर्षांचं पेट्रोल दाराच्या रोगणासारखं घमघमत होतं, आणि टाकीच्या तळाला डिंक धरला होता. सारी सकाळ स्वारी त्या कुजक्या रसदेवर लढली, हे येथे नमूद करतो. मग टाकी धुतली, डिंक खरवडला, आणि कुमक मागायला स्वारी मशीन फटफटीवर बांधून लोहाऱ्यास रवाना जाहली.

लोहाऱ्यात हणमंतप्पा मिस्त्री यांचं ठाणं आहे. त्यांचं मूळ गाव सरहद्दीपलीकडं, कर्नाटकात, म्हणून बोलण्यात कानडी येते, आणि धाकट्या भावासारख्या पोरास ते तम्मा म्हणतात. त्यांनी मशीनीचा जुना प्लग काढून उजेडात धरला, आणि नाल्यात फेकला, आणि नवा बसवला. स्वारीने ताज्या पेट्रोलची भरलेली बाटली मोठ्या दिमाखात पुढं केली.

"आईल किती टाकलास, तम्मा?"

"आईल येगळ्या टाकीत हाय की, कापायच्या चेनीचं."

"ते चेनीला. इंजनाला कोण पाजणार? ह्यात पेट्रोलमधीच आईल कालवावं लागतंय. नुसतं पेट्रोल पाजून पळवलास तर इंजन आखडून बसतंय, तुझ्या नानाच्या हातावानी." एवढं बोलून मिस्त्रींनी जीभ चावली, आणि बाटली ओढून घेतली, आणि मापानं तेल ओतून हलवत राहिले, आणि मग खाली बघूनच विचारलं, "कसा हाय रं नाना?"

बसून हायत, ऐसे सांगितले.

गुरुवारी दुसरा हल्ला. चौथ्या ओढीला मशीन फुरफुरली. तीन श्वास घेतले आणि मेली. परत ओढली, परत तीन श्वास, परत मेली. ऐसे सतरा वेळा जाहले, आणि पडद्यावरचा उस्ताद दरवेळी हसत होता, आणि स्वारीने शेवटी त्याला पालथा घातला. दुपार टळली. स्वारीने मनातल्या मनात मशीन उचलून रिक्षात ठेवून पाहिली, आणि रिक्षा वळणाआड जाताना पाहिली, आणि भिंतीकडं केलेलं तोंडही पाहिलं, आणि रडू आलं. पुरुषासारखा पुरुष, पण आलं. लिहून ठेवतो.

तेव्हा बाजेवरून दुसरा खलिता आला.

"गुदमरतंय ते. ऐकू येईना का तुला? नाक उघड त्याचं."

"नाक कुठं असतंय, नाना?"

"मागच्या अंगाला. जाळीचं टोपण. काढ."

काढलं. आत जे दिसलं ते सांगायला धीर लागतो. हवा शिरायच्या जाळीवर लालभडक ढेप बसली होती. वरचा थर आठ दिवसांपूर्वीच्या खंडेनवमीचा, ताजं कुंकू. त्याखाली हळद, त्याखाली अक्षता, त्याखाली झेंडूची पाकळी, त्याखाली गूळ, वितळून पुन्हा दगड झालेला. त्याखाली गतसालचं कुंकू. त्याखाली गतसालचा गूळ. ऐसे नऊ थर, नऊ सणांचे, आणि मधल्या थरांत मुंग्यांनी पेठा वसवून चौक पाडले होते. मशीनीच्या नाकात इतकी भक्ती कोंबली गेली होती की तिने श्वास घ्यावा कुठून.

मातोश्रींस पाचारण जाहले. त्या ओल्या हाताने आल्या, वाकल्या, आणि बिनशर्त कबूल केलं.

"व्हय, म्याच घातलंय. सणादिवशी विळ्याला निवद, कुऱ्हाडीला निवद, आन हिलाच उपाशी ठिवू का? तोंड दिसलं, चिमूट चिमूट गूळ घातला. भावजींची कमाई हाय ती."

"वैनी," नाना म्हणाले, "नाक व्हतं ते."

"नाकाला जाळी असती व्हय?"

यावर नाना हसले. बाजेवरून हसण्याचा आवाज आला तेव्हा तीर्थरूप आतल्या खोलीतून बाहेर येऊन बघून गेले. स्वारीने मग धीर करून मातोश्रींस विचारलं, की नऊ वर्षं निवद दाखवला आणि दहाव्या वर्षी भंगारात का घालायला निघालीस. त्या पदराला हात पुसत राहिल्या, आणि मग नानांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलल्या.

"जेवायला बसले की समोर ती दिसती त्यांला. घास हातात धरून थांबतेत. रोजचं. किती बघायचं म्या?"

आणि आत जाऊन त्यांनी दात घासायचा जुना ब्रश आणि कोमट पाण्याची वाटी स्वतः आणून दिली.

मग जाळी धुतली, वाळवली, फुंकली. मुंग्यांस सन्मानाने वाट करून दिली. आता हात फिरलाच आहे तर सगळंच लखलखीत करावं, ऐसा मोठेपणा स्वारीस सुचला, आणि चेन काढून डिझेलात बुचकळली, घासली, परत चढवली. हे सगळं कुणाला न विचारता.

शुक्रवारी सकाळी दुसऱ्याच ओढीला मशीन जी गरजली, की कोंबड्या पत्र्यावर गेल्या. स्वारीने फटफटीचं हेल्मेट चढवलं, तीर्थरूपांचा फवारणीचा चष्मा चढवला, गमबूट चढवले, आणि मशीन पुढं धरून पाणंदीवर कूच केलं. तीर्थरूप मागं, महांतप्पा मागं, गल्लीतली आठदहा माणसं मागं. बाभळीला पातं टेकवलं. धूर निघाला. लई निघाला. स्वारीने जोर लावला, आणखी जोर लावला, आणि पाच मिनिटांनी पातं उचलून बघितलं तर सालीवर काळी चकचकीत पट्टी उमटली होती. भुशाचा कण नाही.

"बाभळीला इस्त्री करायलास का रं?" महांतप्पा म्हणाले. पण ह्या खेपेला तेही हसले नाहीत, कारण आभाळ परत काळवंडत होतं आणि त्यांची पोतीही पलीकडेच होती.

इतक्यात गर्दी दुभंगली. पाणंदीवरून नाना येत होते. डाव्या हातात काठी, उजवा हात मातोश्रींच्या खांद्यावर. नऊ वर्षांत ते ओसरीची पायरी उतरले नव्हते. आवाज ऐकूनच निघालो, म्हणाले.

"बंद कर आधी."

बंद केली. नानांनी काठी मातोश्रींकडं दिली आणि डाव्या अंगठ्याने चेनीचा एक दात चाचपला.

"वरल्या अंगाचे दात कुणीकडं बघायलेत?"

"माझ्याकडं."

"आन बाभूळ कुणीकडं हाय?"

स्वारीने बाभूळ ज्या दिशेला होती ती दिशा हाताने दाखवली. शंभर पावलांतल्या तमाम रयतेस टेबलफॅन आठवला. धुतलेली चेन स्वारीने उलटी चढवली होती, आणि ती स्वारीलाच कापायला बघत होती.

चेन उतरवली, फिरवली, चढवली. नाना सांगत गेले, स्वारी करत गेली. "लई आवळू नको. बोटानं उचलली की उठली पायजे, सोडली की बसली पायजे." मग बाकीच्यांस मागं हटवलं, आणि नाना स्वतः स्वारीच्या मागं उभे राहिले, आणि डावा पंजा पाठीवर ठेवला. मशीन गरजली. सवयीने स्वारीने दाबायला घेतलं, तर पाठीवरचा पंजा घट्ट जाहला.

"दाबू नको. तिला खाऊ दे."

आणि तिने खाल्लं. नऊ वर्षांची उपाशी असल्यासारखं खाल्लं. लाल गाभ्याचा भुसा गमबुटांवर साचत गेला, पहिला ओंडका सुटला, मग दुसरा, मग महांतप्पांनी ओंडके ओढायला हात घातला, आणि चार वाजायच्या आत पाणंद मोकळी जाहली, आणि दोन्ही घरांची पोती दिवस मावळायच्या आत पत्र्याखाली आली. शनिवारी पहाटे पाऊस पडला. त्याने जे भिजवायचं ते भिजवलं. आमचं काही नव्हतं.

त्याच शनिवारी दहाच्या सुमारास भंगाराची रिक्षा भोंगा वाजवीत दारात उभी राहिली. मातोश्री उठून आत गेल्या. नाना ताठ बसले. मातोश्री पोतं ओढत आल्या, रिक्षाजवळ उपडं केलं, आणि त्यातून मिक्सर पडला, आणि मग टेबलफॅन, आणि मग कूलरचा पंप. स्वारीच्या आजवरच्या तमाम मोहिमा एकाच पोत्यात निघाल्या, आणि निळा टब घरात आला.

मग नानांनी बाजेवरून कायदे जारी केले ते ऐसे. काम झालं की जाळी झटकावी. महिनाभर पडून राहायची असेल तर टाकी रिकामी करावी. तेल कालवल्याबिगर पेट्रोल पाजू नये. दातांना कानस नाना स्वतः लावतील, डाव्या हाताने, वेळ लागला तरी. खंडेनवमीला कुंकू मुठीला लावावं, आणि निवद ताटलीत समोर ठेवावा, आत घालू नये. चेनीला युवराजाने विचारल्याबिगर हात लावू नये. सर्व कलमे मातोश्रींनी मान्य केली. शेवटचं त्यांनी स्वारीस दोनदा म्हणायला लावलं.

एकच तक्रार राहिली. मशीनीवर धूळ बसू नये म्हणून नानांनी ती बाजेशेजारी घेतली, आणि झाकायला काहीतरी पाहिजे म्हणून निळा टब तिच्यावर पालथा घातला. मातोश्री बघत राहिल्या.

"टब आणला कुणाला, बसला कुणावर," म्हणाल्या, आणि नानांच्या ताटात दुसरी भाकरी टाकली. नाना कानस बाजूला ठेवून जेवत होते. मधे थांबले नाहीत.

येणेंप्रमाणे बाभूळ पडली, पाणंद सुटली, फत्ते जाहली, ती नोंदली. मशीन नानांची, टब मशीनीचा, आणि मातोश्रींचे कपडे अद्याप जुन्या बादलीत भिजत आहेत, हेही खरे आहे, म्हणून लिहिले.