विझायला शिकवलेला उजेड

एका रविवारी सकाळी मी बाथरूमची फरशी अ‍ॅसिडनं धुतली, आणि त्यामुळे बजाजनगरातली आमची अख्खी गल्ली बनियन-गाऊनवर मैदानात जाऊन उभी राहिली.

शेजारचे जाधव सर नाकाला ओला टॉवेल लावून दारं ठोकत सुटले होते. "निघा, वाऱ्याकडं तोंड करून निघा." सगळ्यांत पुढं पळणारा मीच. मैदानात पोचल्यावर बायकोनं हळूच विचारलं, "अ‍ॅसिड किती ओतलं होतं तुम्ही?"

"बाटली."

"मग सरांना सांगून टाका. दूध गॅसवर आहे."

जाधव सर रसायनशास्त्राचे संशोधक, एकटेच राहतात. माणसाच्या नसांचं काम बंद पाडणारा युद्धातला विषारी वायू असतो ना, त्याचा माग काढणारी पट्टी ते बनवतात. सैनिकांसाठी. जांभळ्या दिव्याखाली ती हिरवट उजळते, आणि विषाचा नुसता वास लागला की विझते. सरांची एक पट्टी खिडकीत असते, दुसरी शर्टाच्या खिशाला टाचणीनं, बालवाडीतल्या पोराच्या रुमालासारखी. लग्नात कोणी अत्तर लावायला आलं की सर छाती मागं घेतात. "मला लावा, पट्टीला नको."

एवढासा कण हिला कळतो कसा, असं मी एकदा विचारून बसलो. सर माळ्यावर चढले आणि गुलमंडीच्या बाजारात धुंडून आणलेली दिव्यांची जुनी माळ घेऊन उतरले. एक दिवा गेला की सगळी जाते, ती.

"पट्टीतले रेणू असे हात धरून उभे असतात," ते म्हणाले. "एकाला कळलं की सगळ्यांना कळलं. कण लागतो एकाला, अंधार पडतो लांबपर्यंत. म्हणून तर आपल्या डोळ्याला दिसतो."

नव्या माळांवर त्यांचा भयंकर राग. "एक दिवा मेला तरी बाकीचे आपले चमकतच राहतात. ही काय माळ झाली?"

संध्याकाळी सर घरातले दिवे लावत नाहीत. मी चहाच्या निमित्तानं जाऊन बसायचो. खोलीत जांभळा अंधार आणि मधोमध ती पट्टी, खोल विहिरीच्या तळाशी कोणीतरी उजेड विसरून गेल्यासारखी. गल्लीतल्या कुकरच्या शिट्ट्या दुसऱ्या गावाहून आल्यासारख्या लांब वाटायच्या. सरांचा चेहरा हिरवा, पाण्यात थांबलेल्या माशासारखा.

"बघा," ते म्हणायचे.

"काय बघू?"

"काय होत नाय, ते बघा."

मी बघायचो. त्या काहीच न होण्यात चहा गार व्हायचा आणि घरी काय आणायला सांगितलं होतं तेही विरघळून जायचं.

तर मैदानात मी कबुली दिली, की खिडकीतली पट्टी विझली ती माझ्या अ‍ॅसिडनं. गल्ली खूप हसली. सर हसले नाहीत.

"म्हणजे हिला अ‍ॅसिड अन् विष सारखंच," ते म्हणाले. "एकदा जरी खोटी विझली ना, तर तो काढून फेकंल."

"कोण, सैनिक?"

सर टॉवेल पिळत घरी गेले.

त्यानंतर कित्येक रविवार मी सरांच्या हुकमावरून थोडं थोडं अ‍ॅसिड ओतत बसलो. माझा विज्ञानाला झालेला हा आयुष्यातला एकमेव उपयोग. शेवटी सरांनी जोडीला दुसरी पट्टी केली, ती फक्त अ‍ॅसिडनं विझणारी. दोन्ही विझल्या तर माझं बाथरूम. पहिली एकटीच विझली तर विष.

मग एक दिवस म्हणाले, "चला पिशोरला, आमच्या गावी."

गाडीत त्यांनी सांगितलं, की पिकावर मारतात त्यातली काही औषधं आणि तो युद्धातला वायू एकाच घराण्यातले. आणि गेल्या हंगामात त्यांचे थोरले भाऊ, आबा, फवारता फवारता कपाशीत बेशुद्ध पडले होते. पलीकडच्या शेतात माणसं होती, पण दिवस मावळेपर्यंत कोणाला पत्ता लागला नाही. हे सांगताना सर खिडकीबाहेर बघत होते. सैनिकाबद्दल मी पुन्हा विचारलं नाही.

शेतात सरांनी दोन्ही पट्ट्या स्वतः सुईदोऱ्यानं आबांच्या सदऱ्याला शिवल्या. आबा हात वर करून उभे. "लगीन लावतो का माझं?"

मग आबा पाठीवर पंप घेऊन, तोंडाला फडकं बांधून सऱ्यांत शिरले. काही वेळानं सरांनी त्यांना बांधावर बोलावलं. उन्हात पट्टी दिसत नाही, म्हणून दोघांच्या डोक्यांवरून घोंगडी ओढून घेतली आणि आत जांभळी बॅटरी लावली. बाहेर नुसते चार पाय. मला राहवलं नाही, मीही डोकं आत घातलं.

भर दुपारी त्या शेतात घोंगडीएवढी संध्याकाळ होती. दोन पिकलेली डोकी, मधे अ‍ॅसिडची पट्टी हिरवी. विषाची काळी.

"आबा, विझली. आज बस."

"दोन पंप राहिलेत."

"राहू दे."

"औषध कालवून ठिवलंय रे."

"आबा."

आबांनी घोंगडीची कड उचलून उरलेल्या सऱ्यांकडं पाहिलं. मग म्हणाले, "बरं."

त्यांनी पंप उतरवला. सरांनी बादली ओढली, साबण घेतला आणि आबांचे हात कोपरापर्यंत धुतले, एकेक बोट वेगळं धरून. आबा आभाळाकडं बघत उभे राहिले, न्हाऊ घालताना मूल राहतं तसे.

मी तोंड फिरवलं, पण सरांनी पाहिलंच. धावत येऊन माझी पापणी वर ओढली. "डोळ्याला पाणी? मळमळतं का? आबा, ह्यांना औषध चढलं वाटतं. पाणी आणा."

आबांनी जवळ येऊन मला नीट न्याहाळलं.

"काय चढलं नाय. रडतंय ते," ते म्हणाले. "असलं मऊ माणूस शेतात आणलं कशाला?"